हवालदाराचं होल्स्टर काळं की तपकिरी

माझी थोरली बहीण आक्का. तिच्या घरी गेलात तर घर आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना. मेण, साबण आणि जुनं चामडं यांचा असा काही वास दारातच येतो, की नवा माणूस उंबऱ्यावर थबकून विचारतो, "घोडा कुठं बांधलाय?" घोडा नाही. घोडे आमच्या वडिलांच्या वेळी होते, तेही गिऱ्हाइकांचे. वडील खोगिरं शिवायचे. आक्का त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आणि आरी चालवायला शिकली. दोऱ्याला मेण लावायचं काम माझ्याकडे होतं, पण मी त्या मेणाच्या चिमण्या करायचो. तेव्हाच घरात ठरून गेलं, की धंदा आक्का पुढं नेणार आणि गप्पा मी.

मोटारी आल्या, घोडे गेले, खोगिरं बंद पडली. आक्का पोलिसांच्या मुख्यालयात चामडं दुरुस्त करायच्या खोलीत लागली. पट्टे, बूट, वाद्या आणि पिस्तुलांची होल्स्टरं. होल्स्टर म्हणजे काय हे माझ्या धाकट्या नातीला सांगताना मला धड जमेना, तेव्हा तीच म्हणाली, "म्हणजे पिस्तूल झोपतं ती पिशवी." याच्याहून सोपं मला अजून सुचलेलं नाही.

नोकरी संपली, पण आक्काचे हात काही निवृत्त झाले नाहीत. जुन्या वस्तू जमवणारे शौकीन लोक फौजेची, पोलिसांची जुनी होल्स्टरं घेऊन तिच्याकडे येऊ लागले. कुठलं आहे, कधीचं आहे, खरं आहे का, वाचेल का? आक्का आधी काहीच बोलत नाही. होल्स्टर टेबलावर ठेवते, चहा पिते, येता-जाता त्याच्याकडे बघते. नव्या सुनेकडे सासू बघते ना, तसं. मग वास घेते. मग आत दोन बोटं घालते. आत राहिलेल्या पिस्तुलानं चामड्यावर आपला आकार उमटवलेला असतो, अंथरुणावर झोपलेल्या माणसाचा उमटतो तसा, आणि त्या आकारावरून कोण झोपून गेलं ते तिला कळतं. झाकणाच्या आत शिक्का असला तर ती तो भिंगातून बघते. पट्ट्यात ओवायची घडी कशी आहे, टाके हाताचे की यंत्राचे, गुंडी पितळेची की नुसती मुलाम्याची, हे सगळं बघून झाल्यावर मग तोंड उघडते.

एकदा आमच्या गल्लीतला न्हावी एक होल्स्टर घेऊन आला. दुकानात आरशाच्या वर, काचेच्या पेटीत ते टांगलेलं होतं. दाढी करता करता तो गिऱ्हाइकांना त्याची लढाई सांगायचा. पणजोबा, खंदक, तोफा, सगळं. आक्कानं आत बोटं घातली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

"पणजोबा काय करायचे म्हणालास?"

"फौजेत होते, आक्का."

"फौजेत बागकाम असतं का रे?"

"का हो?"

"हे पिस्तुलाचं नाही. फांद्या छाटायच्या कात्रीचं आहे."

न्हावी क्षणभर गोरामोरा झाला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याकडे कात्री पणजोबांपासून चालत आलीय!" आता तो त्यात स्वतःच्या कात्र्या ठेवतो आणि लढाईऐवजी बागेची गोष्ट सांगतो. लढाईपेक्षा बरी रंगते.

आक्काबद्दल सांगायचं आणि भाऊजींना वगळायचं, असं करता येत नाही. तिचे यजमान त्याच मुख्यालयात कवायत शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. आयुष्यभर शेकडो माणसांना सावधान-विश्राम करायला लावलं. घरी स्वतः मात्र कायम सावधान, विश्रामाचा हुकूम आक्काच्या तोंडून कधी निघालाच नाही. त्यांना एकच व्यसन, चकाकी. बूट, पट्टा, दाराची कडी, सायकलची घंटा, शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. तो कुत्रा भाऊजी दिसले की मान पुढं करतो.

आणि आक्काचं शास्त्र नेमकं उलटं. जुनी वस्तू चमकली की मेली, असं ती मानते. ओरखडा, डाग, घामानं आलेला काळपटपणा, हीच तिची कमाई. चामडं मरू नये एवढंच करायचं, तरुण करायला जायचं नाही. त्यामुळे तिच्या टेबलाला हात लावायची भाऊजींना सक्त मनाई. तरी बिचारे जाता-येता टेबलाकडे असे बघत, जसा पथ्यावरचा माणूस मिठाईच्या दुकानाकडे बघतो.

तर अशा या घरात एके दिवशी घड्याळजी आला. आमचा जुना शेजारी. त्याचे वडील पोलिसांत हवालदार होते. जाऊन बरीच वर्षं झाली. मुख्यालयात नव्या साहेबबाई आल्या होत्या आणि त्यांनी जुन्या वस्तूंची एक खोली करायला घेतली होती. माजी पोलिसांच्या घरच्यांनी वस्तू द्याव्यात, खाली त्या माणसाचं नाव लावू, रविवारी खोली उघडू, असं त्यांनी कळवलं होतं. घड्याळजीनं वडिलांची पेटी उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक होल्स्टर मिळालं. काळंकुट्ट, लाकडासारखं कडक, आणि झाकण असं बसलेलं की उघडता उघडेना. गुंडीवर हिरवा थर चढून ती पट्टीत घट्ट रुतली होती.

"मग अडचण काय?" आक्कानं विचारलं.

"आई," घड्याळजी म्हणाला.

घड्याळजीची आई नव्वदीला टेकलेली. आम्ही सगळे तिला मोठी आई म्हणतो. डोळ्यांना कमी दिसतं, पण जीभ अजून चष्म्याशिवाय चालते. तिनं होल्स्टर हातात घेऊन खिडकीपाशी नेलं आणि सांगून टाकलं, की हे आपल्या नवऱ्याचं नव्हेच. त्याचं तपकिरी होतं. रोज सकाळी पट्ट्यासकट तीच त्याच्या हातात द्यायची, तिला ठाऊक नसेल तर कुणाला? आणि निवृत्तीच्या दिवशी ते मुख्यालयात जमा केल्याचं नवऱ्यानं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

"ती म्हणते, दुसऱ्याच्या काळ्या वस्तूखाली माझ्या नवऱ्याचं नाव लावलंत तर मी तिथं येऊन ते फाडीन," घड्याळजी म्हणाला. "आणि आक्का, ती येईल हो. आजवर दिलेला शब्द तिनं मोडलेला नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं बाबांचंच आहे. पेटी त्यांची, किल्ली त्यांच्या खिशात. पण मग ते आईशी खोटं बोलले असं होतं. म्हणजे एकतर नाव जातं, नाहीतर बाबा खोटे ठरतात. तुम्ही काय ते बघून सांगा. तुम्ही म्हणाल ते आई मानेल."

आक्कानं होल्स्टर उचललं आणि कानाशी धरून हलवलं. आत सळसळ. पिस्तुलाची नळी बसते त्या टोकाला पाणी निथळायला छोटं भोक असतं, त्यातून टेबलावर चिमूटभर लाल भुकटी पडली. ती बघून आक्काचा चेहराच पडला.

"लाल कूज," ती म्हणाली.

जुन्या चामड्याचा हा क्षयरोग. चामडं आतून सडतं आणि विटेच्या पुडीसारखं लाल होऊन झडू लागतं. आणि त्याचा तिढा असा, की कडक चामडं उघडायचं तर त्याला हलकी ओल द्यावी लागते, आणि कूज लागलेल्या चामड्याला ओल लागली की ते जळल्यासारखं होऊन कायमचं बसतं. ओल द्यावी तर वस्तू जाते, न द्यावी तर झाकण उघडत नाही. आणि झाकण उघडल्याशिवाय आतला रंग कसा दिसणार? आक्कानं ती भुकटी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली आणि म्हणाली, "घाई करायची नाही."

"रविवारपर्यंत होईल ना?"

"तुझ्याकडे घड्याळ टाकलं की तू काय सांगतोस?"

"पुढच्या आठवड्यात या."

"मग?"

घड्याळजीनं चपला घातल्या आणि घर गाठलं.

आक्का त्या होल्स्टरभोवती मांजरासारखी फिरत राहिली. वास घेई, भिंग लावी, ओला कापूस जवळ नेई आणि मागं घेई. रविवार जवळ येत चालला. शेवटी म्हणाली, "झाकण उघडलं तर शिवण लागेल. चल रे, दोरा आणू." मी लगेच चप्पल घातली, दोऱ्याच्या दुकानदाराला एक गोष्ट अर्धवट सांगायची राहिली होती.

परत आलो तर घरातून आवाज येत होता. हाऽऽ, फस् फस्. हाऽऽ, फस् फस्. आक्काच्या हातातलं दोऱ्याचं रीळ खाली पडलं. हा आवाज ती लग्नापासून ओळखते.

भाऊजी खिडकीत उभे होते. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात होल्स्टर, नवजात बाळासारखं धरलेलं. तोंडाची वाफ सोडून, थुंकी लावून, काळ्या पॉलिशनं घासून त्यांनी त्याचा आरसा केला होता.

"बघ!" भाऊजी मला म्हणाले. "तोंड दिसतं की नाही?"

"दिसतं," आक्का म्हणाली. "हेच तोंड आता मोठ्या आईला दाखवा."

"अगं, साहेबांच्या खोलीत ठेवायचंय ना? मळकं ठेवायचं? दोन दिवस झाले, तू नुसती वास घेतेस. मला वाटलं, जरा हातभार…"

"थुंकी लावलीत?"

"थुंकीशिवाय चमक येते का?"

"अहो, त्याला कूज लागलीय! ओल चालत नाही!"

भाऊजी आपसूक सावधानमध्ये आले. आक्का खाली बसली, होल्स्टर मांडीवर घेतलं, आणि आता काय काय झडून पडतंय ते बघू लागली. बघता बघता तिच्या भुवया वर गेल्या. नखानं कोपरा दाबला. पुन्हा दाबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच झालं नाही रे. तेच तर! ओल पिऊन नरम पडलंय. याला कूज नाहीच."

"मग ती लाल भुकटी?"

"ते मला विचारू नकोस," आक्का म्हणाली. चामड्याचं काही विचारू नकोस असं ती म्हणाल्याचं मी तरी प्रथमच ऐकलं.

पण आता वाट मोकळी झाली होती. तिनं स्पिरिटच्या कापसानं नवं पॉलिश उतरवायला घेतलं. पट्टीच्या टोकाजवळचा एक तुकडा मात्र तसाच ठेवला, भाऊजींच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून. मग डब्यात ओलं फडकं घालून त्यावर जाळी ठेवली, जाळीवर होल्स्टर, आणि वरून झाकण. चामड्यानं हवेतली ओल हळूहळू पीत राहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाडाच्या पातळ पट्टीनं गुंडीभोवतीचा हिरवा थर खरवडला, झाकणाची पट्टी हलवली, आणि कोंबडी अंड्यावरून उठते तसं ते झाकण कुरकुरत, नाखुशीनं वर आलं.

झाकणाखालचं चामडं तपकिरी होतं. खरपूस, मऊ, उबदार तपकिरी. काळा रंग झाकणाच्या कडेपाशी येऊन थांबला होता. मागची, कमरेकडची बाजू नीट पुसली, तर मळाखाली तीही तपकिरीच. झाकणाच्या आत फौजेचा शिक्का. फौजेकडून उरलेला तपकिरी माल पूर्वी पोलिसांना मिळायचा. आक्कानं असली होल्स्टरं मुख्यालयात ढिगानं शिवलेली.

"म्हणजे कुणीतरी वरून काळं केलंय," मी म्हणालो. "आणि जेवढं बंद झाकणावरून दिसतं तेवढंच. आळशी माणूस दिसतो."

"आळशी नाही," आक्का सावकाश म्हणाली. "कवायतीचा माणूस. तपासणीला साहेब समोर उभा राहून बघतो. मागचं त्याला दिसत नाही, आतलं दिसत नाही. मग तिथं पॉलिश कशाला घालवायचं?" तिनं भिंग डोळ्याला लावलं. गुंडीच्या खाली जुना काळा रंग पुसून संपवताना अंगठ्याची एक अर्धचंद्रासारखी ओढ उमटली होती. मग तिनं पट्टीवर राखून ठेवलेला नव्या पॉलिशचा तुकडा पाहिला. तिथंही अर्धचंद्र.

"अहो, इकडे या. अंगठा आणा."

"कशाला?"

"आणा म्हणते ना."

भाऊजींचा अंगठा धरून तिनं जुन्या खुणेवर टेकवला. पायात आपलाच बूट बसावा तसा बसला. आयुष्य पोलिसांत गेलेला माणूस घरच्या टेबलावर ठशासकट पकडला गेला!

मी हसून हसून खोकू लागलो. भाऊजी हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. कुणी न सांगता बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिलेत.

"मोठे साहेब येणार होते तपासणीला," ते म्हणाले. "हुकूम आला, सगळ्यांचं चामडं एका रंगाचं हवं. बाकीच्यांनी आणून दिलं. हवालदार ऐकेना. म्हणाला, मास्तर, माझी निवृत्ती तोंडावर आलीय, माझं राहू द्या. मी काय करू? रांगेत एकच तपकिरी, सगळी रांग नासते! त्याचं खुंटीवरून काढलं आणि केलं काळं."

"मग?"

"भांडला नाही. नुसता म्हणाला, मास्तर, आता हे घरी कसं नेऊ? मला वाटलं, पिशवीतून ने, त्यात काय एवढं. पण शेवटचे चार दिवस तो ते खुंटीवरच ठेवून जायचा. ते बोलणं मला आत्ता कळतंय."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघंही घड्याळजीकडे गेलो. मोठी आई खाटेवर बसली होती. भोवती भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. घड्याळजी दारातच आक्काचा चेहरा वाचायला लागला. भाऊजींनी खाटेपाशी उभं राहून काळ्या रंगाची सगळी हकिगत सांगितली आणि आक्कानं झाकण उघडं करून होल्स्टर म्हातारीच्या हातात दिलं. तिनं ते दिव्याजवळ नेलं आणि आतल्या तपकिरीवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"रंग आहे," ती म्हणाली. "पण तपकिरी काय ह्या एकाचंच होतं? बाजारात कमी आहेत का?"

"आई, अगं मास्तर स्वतः सांगतायत ना," घड्याळजी कळवळला.

"मास्तर काळं केल्याचं सांगतायत. मास्तरांनी डझनभर काळी केली असतील. तू सांग गं बाई. तुझं काय म्हणणं?"

इथं आक्काला हो म्हणणं किती सोपं होतं! घड्याळजी हात जोडल्यासारखा बघत होता. पण आक्का म्हणाली, "तपकिरी होतं, इथल्याच मुख्यालयातलं होतं आणि आमच्या यांनी काळं केलं, एवढं मी शपथेवर सांगीन. हवालदारांचंच, असं चामड्यावर कुठं लिहिलेलं नाही. मी नाही सांगू शकत."

घड्याळजी मटकन खाली बसला. म्हातारीनं मात्र मान हलवली; बहुतेक आक्का खोटं बोलते का, हेच तिला बघायचं होतं. मग तिनं विचारलं, "आत काय सापडलं?"

"काही नाही. थोडी लाल भुकटी. मला आधी वाटलं कूज आहे, पण ती नव्हे. काय आहे कळलं नाही." आक्कानं पुडी काढली.

म्हातारीनं चिमूट बोटांत घेतली, चुरली, नाकाशी नेली. आणि एकदम अशी हसली, की हातातली पुडी सांडायला आली.

"सालं! शेंगदाण्याची लाल सालं आहेत गं ही!"

"होल्स्टरमध्ये?"

"मग पिस्तूल कुठलं त्यात? पिस्तूल ठाण्यात जमा करायचं आणि मगच घरी यायचं. येताना रिकामं कशाला यायचं म्हणून कोपऱ्यावर भाजलेले दाणे घ्यायचा, त्यात भरायचा आणि रुबाबात यायचा. लोक वाट सोडायचे, आणि आत दाणे! ह्याला वाटायचं बापाच्या कमरेला बंदूक आहे." तिनं लेकाकडे बोट दाखवलं. "उघडून दिलं की आम्ही दोघं बसून खायचो. दुसऱ्या कुणाचं नाही हे. दुसरा असा येडा त्या खात्यात नव्हता."

घड्याळजी हसत होता की रडत होता, मला नीट कळलं नाही. आक्का ती पुडी पुन्हा पुन्हा बघत होती. चाळीस वर्षं चामडं हाताळलेल्या बाईनं दाण्याच्या सालीला क्षयरोग ठरवलं होतं.

"दाणे मला वर्ज्य आहेत ना," ती पुटपुटली. "म्हणून ओळखले नाहीत."

म्हातारी थोड्या वेळानं गंभीर झाली. "जमा केलं म्हणाला मला. लबाड. मी रंगावरून त्याला बोलले असते म्हणून लपवून ठेवलं. आणि बोललेच असते की!" मग भाऊजींकडे वळून, "मास्तर, तुम्हाला बोलायचं ते मी त्याच्याऐवजी एकदा सावकाश बोलणार आहे. आज नाही. आज जीव चांगलाय."

"कधीही हाक मारा," भाऊजी उभे राहून म्हणाले.

आता रंगाचा प्रश्न उरला. घड्याळजी म्हणाला, वरचंही काळं काढून टाका, आईला हवं तसं सगळं तपकिरी करा. आक्कानं साफ नकार दिला. काळंसुद्धा खरंच झालेलं आहे, ते खरवडणं म्हणजे त्या माणसाचे नोकरीतले शेवटचे दिवस खरवडणं. साहेबबाईंनाही बाहेरून काळंच बरं वाटत होतं, पोलिसी दिसतं म्हणून. अखेर म्हातारीनंच तोडगा काढला. झाकण उघडं ठेवायचं. बंद केलं तर सरकारचं, उघडलं तर तिचं.

रविवारी खोली उघडली. काचेच्या कपाटात, लाकडी ठोकळ्यावर, झाकण वर केलेलं ते होल्स्टर बसलं होतं. आक्कानं गुंडीवरचा सगळा हिरवा थर काढला नव्हता, थोडा राहू दिला होता. साहेबबाईंनी, झाकण उघडं ठेवलं तर आत धूळ बसेल, अशी शंका काढली. बाई समंजस होत्या, पण म्हातारीनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी काच आणखी घट्ट बसवायला सांगितली.

शेजारी कारकून कोरं कार्ड आणि पेन घेऊन थांबला होता. घड्याळजी नाव सांगायला पुढं झाला. म्हातारीनं त्याला हातानं बाजूला सारलं, काचेला नाक लावून आत डोकावली, खात्री केली, आणि मग नवऱ्याचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, खणखणीत आवाजात सांगितलं. कारकुनानं वळणदार अक्षरात लिहून घेतलं आणि टोपण लावलं.

"टोपण काढा," म्हातारी म्हणाली. "खाली लिहा. रंग, तपकिरी."

कारकुनानं साहेबबाईंकडे पाहिलं. साहेबबाईंनी आक्काकडे. आक्का म्हणाली, "लिहा. बरोबर आहे."